अ‍ॅलिस्टर मॅक्लीन कोण होता आणि त्याचं पहिलं पुस्तक कुठलं वाचावं?

‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ या युद्धकादंबरीचा लेखक म्हटलं की बहुतेकांना लगेच कळतं. जन्म १९२२, स्कॉटलंडमधलं ग्लासगो. वडील धर्मोपदेशक आणि घरात बोली गेलिक, ही स्कॉटलंडची जुनी भाषा. म्हणजे ज्या इंग्रजीवर त्याने पुढे लाखो प्रती खपवल्या, ती त्याची मायबोली नव्हतीच!

१९४१ मध्ये ब्रिटिश नौदलात गेला. रशियाला रसद पोचवणाऱ्या ताफ्यांबरोबर आर्क्टिकची थंडी त्याने अंगावर काढली. युद्धानंतर शाळामास्तर झाला. पगार बेताचा, म्हणून १९५४ मध्ये ‘ग्लासगो हेराल्ड’ या वृत्तपत्राच्या कथास्पर्धेत एका बोटीची गोष्ट पाठवली आणि शंभर पौंडांचं बक्षीस मारलं. ती वाचून कॉलिन्स प्रकाशनाने कादंबरी मागितली. पठ्ठ्याने अडीच-तीन महिन्यांत ‘एचएमएस युलिसिस’ ही आर्क्टिकमधल्या युद्धनौकेची कादंबरी लिहून दिली. ती १९५५ मध्ये आली आणि मास्तरकी सुटली.

आपण नावावर खपतो की लिखाणावर, हे बघायला त्याने दोन पुस्तकं ‘इयन स्टुअर्ट’ या टोपणनावाने काढली. तीही चालली. ‘व्हेअर ईगल्स डेअर’ मात्र मुळात सिनेमासाठी लिहिलेली. त्या सिनेमातला नट रिचर्ड बर्टन आणि मॅक्लीन स्वित्झर्लंडमधल्या एकाच दफनभूमीत आहेत. मॅक्लीन गेला १९८७ मध्ये, म्युनिकला.

त्याच्या कथांत प्रेमप्रकरणं जवळपास नाहीत. त्याच्या मते प्रेमप्रकरणांनी गोष्टीचा वेग मंदावतो. शेवटची पुस्तकं मला तरी पाणचट वाटली. सुरुवात ‘युलिसिस’पासून करा, पण पंखा बंद करून. डेकवरचा बर्फ फोडणारी माणसं वाचताना खरंच हुडहुडी भरते.