सुपरव्हिजनला काय घेऊन जायचं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मानसशास्त्राच्या इंटर्नशिपच्या मॅचमध्ये (विद्यार्थी आणि ठिकाणं यांच्या जोड्या लावतात त्यात) तुला अमेरिकेतलं कम्युनिटी क्लिनिक मिळालं याचा मनापासून आनंद झाला. वेटरन्सच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या, सरकारी हॉस्पिटलांत इंटर्नशिपला अमेरिकी नागरिकत्व लागतं, त्यामुळे ती वाट आपल्याकडून गेलेल्या मुलांना बंदच असते. पण म्हणून क्लिनिकला दुय्यम समजू नकोस. भाडं थकलेला माणूस, घर सोडून शेल्टरमध्ये आलेली बाई आणि शाळेनं पाठवलेला मुलगा तुला इथे एकाच दुपारी भेटतील.

कागदपत्रांचं एक काम मात्र आधी उरक. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ सीपीटीचे (शिक्षणाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीचे) १२ महिने भरले की त्या पदवीवरची ओपीटी (शिकलेल्या विषयात पुढे काम करण्याची परवानगी) हातची जाते, आणि इंटर्नशिप नेमकी वर्षाची असते. सही करण्याआधी तारखा घेऊन युनिव्हर्सिटीच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा.

आता कामाचं. एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता असलेल्या पूर्णवेळ इंटर्नशिपमध्ये आठवड्याला किमान ४ तास सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामावर अनुभवी माणसाची देखरेख, मिळतं, त्यातले किमान २ तास तुला एकटीला. हे तास वाया जातात ते आठवड्याचा अहवाल सांगण्यात. सोमवारी कोण आलं, मंगळवारी कोण आलं नाही, यातच घड्याळ पुढे सरकतं आणि जिथे गाडी अडली होती तिथवर कोणी पोचतच नाही. म्हणून सेशनचं रेकॉर्डिंग आदल्या दिवशी स्वतः ऐक. ऐकताना जिथे ते बंद करावंसं वाटेल, तीच ५ मिनिटं निवड. मिनिट-सेकंद टिपून ठेव आणि तेवढाच भाग लाव. सोबत प्रश्न एकच असू दे: ‘इथे क्लायंट गप्प झाली आणि मी लगेच विषय बदलला. का बदलला?’ (रेकॉर्डिंगला लेखी संमती लागते. आपण ट्रेनी आहोत आणि आपल्या सुपरव्हायझरचं नाव काय, हेही पहिल्याच भेटीत सांगायचं.)

छान झालेलं सेशन घेऊन जायचा मोह होईल, कारण तुझं मूल्यमापनही तोच सुपरव्हायझर करणार असतो. ही अडचण खरी आहे. पण तुझ्या क्लायंटची जबाबदारी त्याच्या लायसन्सवर असते. त्याला जे दिसलं नाही, त्यापासून तो तिला वाचवूही शकत नाही.

सगळ्यात जपून राहायचं ते आत्महत्येबद्दल विचारताना. पीएचक्यू-९ हा नैराश्य मोजणारा ९ प्रश्नांचा फॉर्म बहुतेक वेळा वेटिंग रूममध्येच भरला जातो. इंटर्न बेरीज करते, १४ म्हणजे मध्यम नैराश्य असं लिहिते आणि कागद फाइलला लावते. तू बेरजेआधी नववा प्रश्न बघ, तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे ० सोडून काहीही असेल, तर क्लायंट खोलीबाहेर पडण्याआधी त्याबद्दल बोलणं झालंच पाहिजे.

आणि इथे आपली मराठी सवय आड येते. ‘तसले काही विचार येत नाहीत ना?’ असं आपण काळजीपोटी विचारतो आणि इंग्रजी बोलतानाही वाक्य त्याच वळणावर जातं. त्या ‘नाहीत ना’मध्ये आपल्याला हवं ते उत्तर आधीच सांगून झालेलं असतं. समोरची ‘नाही’ म्हणून तुझी सुटका करते. सरळ विचार: ‘स्वतःला संपवावं असे विचार येतात का?’ मग कसं, कधी, साधन हाताशी आहे का, पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का. विचारल्यानं तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर निर्णय एकटीनं घेऊ नकोस, आणि तिलाही एकटं सोडू नकोस. सुपरव्हायझरला बोलावून घे. तो जागेवर नसेल तर कोणाला फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी लिहून घेतलेलं असू दे.

असे विचार येतील तेव्हा काय करायचं हे क्लायंटसोबत लिहून ठेवायचं, तो सेफ्टी प्लॅन. स्टॅन्ली आणि ब्राउन या मानसशास्त्रज्ञांच्या सेफ्टी प्लॅनला ६ पायऱ्या आहेत: धोक्याच्या खुणा, स्वतःच्या स्वतः करण्याजोग्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, थेरपिस्ट आणि अमेरिकेतल्या ९८८ सारखी हेल्पलाइन, आणि घरातली साधनं दूर करणं. पहिल्या पाच नीट भरल्या जातात. सहावीपुढे ‘कुटुंबाशी बोलू’ एवढंच लिहिलेलं सापडतं, आणि प्लॅन तिथेच लंगडा पडतो. घरात बंदूक आहे का, गोळ्यांच्या बाटल्या किती आहेत, कुलूप कोण लावणार, किल्ली कोणाकडे राहणार, आज रात्रीपर्यंत हे होणार का, सगळं नावानिशी लिही. शब्द क्लायंटचेच ठेव. रात्री दोन वाजता तिला तुझी व्यावसायिक भाषा वाचायची नसते.

नोट त्याच दिवशी लिहायची. दुसऱ्या दिवशी दोन क्लायंटची दुःखं एकमेकांत मिसळतात. दुभाषा लागला तर क्लिनिकचाच घे, मुलाला आईचं बोलणं सांगायला बसवू नकोस, आणि बोलताना नजर दुभाष्याकडे नको, क्लायंटकडे हवी.

तू वर्षानं जाणार हे पहिल्याच भेटीत सांग आणि शेवटच्या ६ ते ८ आठवड्यांत विषय पुन्हा काढ. त्या दिवसांत लोक यायचे थांबतात. सोडून जाण्याआधी आपणच सोडलेलं बरं, असं त्यांना वाटतं. एक गैरहजेरी झाली की त्याच दिवशी फोन कर. पुढच्या इंटर्नसाठी पानभर नोंद ठेव: काय लागू पडलं, काय अर्धवट राहिलं, आणि सेफ्टी प्लॅनमधली किल्ली अजून त्याच माणसाकडे आहे का.

कळावे.