गॅस होणाऱ्या नाजूक पोटाला मनुक्याचं पाणी चालतं का?

तुम्ही विचारलंय की पोट नाजूक आहे, कधी गॅस कधी पातळ होतं, तर सकाळी उपाशीपोटी भिजवलेल्या मनुक्याचं पाणी पिलं तर चालंल का. माझं सरळ उत्तर, गॅस अन् जुलाबाचं पोट असंल तर रोज पिऊ नका. बद्धकोष्ठ असंल तर गोष्ट वेगळी, ती खाली सांगते.

मी परभणीची, मला आयबीएसचा, म्हणजे आतडं नाजूक होऊन कधी गॅस, कधी पातळ, कधी बद्धकोष्ठ होण्याचा त्रास सात-आठ वर्षांपासून आहे. एका उन्हाळ्यात जावेनं व्हिडिओ पाठवला की लिव्हर साफ होतं, रक्त वाढतं वगैरे, मग मी मोंढ्यातून पावशेर पिवळे बेदाणे आणले अन् रोज रात्री मूठभर भिजवून सकाळी पाणी पिऊन वरून मनुके पण खायला लागले. चौथ्या दिवशी जिंतूरच्या यष्टीत बसले, बोरीच्या पुढं गेलो तोवर पोट असं गुडगुडायलं की घाम फुटला, पोट ताठ झालं अन् कधी एकदा स्टँड येतंय असं झालं. तरी आठ दिवस रेटलं, कारण सगळे म्हणायलेत घाण बाहेर पडायलीय, चांगलंच आहे. कुणी असं म्हणलं तर ऐकू नका. घाण पडत नाही, पोटाला झेपत नाही म्हणून ते होतं.

पुढं डॉक्टरांनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मनुका म्हणजे वाळलेलं द्राक्ष, 100 ग्रॅममधी 60 ग्रॅमच्या आसपास साखर अन् त्यातली जवळपास निम्मी फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर. काहींच्या लहान आतड्याला ही फ्रुक्टोज नीट शोषता येत नाही, ती तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिला आंबवतात म्हणून गॅस, अन् ती पाणी ओढून घेते म्हणून पातळ. मनुक्यात फ्रुक्टान, म्हणजे फ्रुक्टोजच्या साखळ्या, पण असतं, ते पण तसंच आंबतं. अन् हे सगळं पाण्यात विरघळणारं आहे! म्हणजे मनुके टाकून नुसतं पाणी पिलं तर पोटाला हलकं, हा समज उलटा आहे, गॅस करणारं पाण्यात उतरतं अन् चोथा मनुक्यात राहतो. मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीनं आयबीएसवाल्यांसाठी लो फॉडमॅप, म्हणजे आतड्यात नीट न शोषता आंबणाऱ्या अशा साखरा कमी असलेला आहार बसवला, त्यात मनुके जपून खायच्या गोष्टींत येतात ते ह्याच्यामुळं. आपल्या चरकसंहितेत पण द्राक्ष विरेचनाला, म्हणजे जुलाब करून पोट साफ करायला, मदत करणाऱ्या द्रव्यांत सांगितलंय, मग आधीच पातळ होणाऱ्यानं ते रोज कशाला घ्यायचं?

रक्त वाढतं म्हणतात त्याचं पण सांगते. आयसीएमआर, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशेबानं बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, दहा-पंधरा बेदाण्यांत एक मिलिग्रॅम पण नसतं, अन् तेही सगळं पाण्यात येत नाही.

दुसरं आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात रात्री पण घर तापलेलं असतं, एकदा सकाळी मी डब्याचं झाकण काढलं तर फुस्स आवाज आला, कडेनं बारीक फेस अन् आंबूस वास. ते पाणी आंबलेलं होतं, मी फेकून दिलं. भिजवायचेच तर दोन-तीन तास नाहीतर फ्रीजमधी. अन् पिवळ्या बेदाण्याला रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, दम्याच्या काही माणसांना तिचा त्रास होतो, तेव्हा घरात कुणाला दमा असंल तर काळे मनुकेच बरे.

आता बद्धकोष्ठाचं. माझ्या सासूबाईंना दोन-दोन दिवस व्हायचं नाही, त्या रात्री आठ-दहा काळे मनुके धुऊन भिजवतात, सकाळी चावून खातात, बिया थुंकतात अन् वरून तेच पाणी पितात, त्यांना लई फरक पडला. पण त्यांना शुगर नाही. शुगर असंल तर आधी डॉक्टरला विचारा, अन् किडनीचा आजार असंल तर नकोच, पोटॅशियम भरपूर असतं.

तुम्हाला करूनच बघायचं असंल तर पाच मनुक्यांनी सुरू करा, उपाशीपोटी नको, काहीतरी खाल्ल्यावर, तीन दिवस दुसरं काही नवीन खाऊ नका अन् रोज पोटाचं लिहून ठेवा. फुगलं की तिथंच बंद. मी आता सकाळी नुसतं कोमट पाणी पिते अन् ज्वारीची भाकर खाते, मला पोळीपेक्षा भाकर बसते.

अन् संडासवाटे रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, ह्यातलं काही असंल तर मनुका-बिनुका सगळं बाजूला ठेवा अन् ह्याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरला दाखवा.