डबल कॅब घ्यायचीय, पण कोणती?

प्रश्न: नमस्कार सर. ओझरजवळ आमची 7 एकर शेती आहे, 4 एकर द्राक्ष आणि उरलेल्यात टोमॅटो. राहायला नाशिकला पाथर्डी फाट्याला फ्लॅट. घरात आई-पप्पा, मी, बायको आणि मुलगा. पुढे पाच जण बसतील आणि मागे माल जाईल अशी एकच गाडी घ्यायचीय. मी बोलेरो कॅम्पर बघून आलो, 10 लाखांच्या आसपास जाते. मोठा भाऊ म्हणतो घ्यायचीच तर टोयोटा हायलक्स घे नाहीतर निदान इसुझूची व्ही-क्रॉस, कॅम्पर म्हणजे टेम्पोच. खरंच तिप्पट पैसे टाकण्यात अर्थ आहे का?
(एक वाचक, पाथर्डी फाटा)

उत्तर: भाऊ बरोबर बोलतोय, कॅम्पर टेम्पोच आहे. पण तुम्हाला टेम्पोच लागतोय का ते आधी बघू ना.

बऱ्याच जणांना वाटतं गाडी महाग म्हणजे माल जास्त, इथे नेमकं उलटंय. कॅम्परचा पेलोड, म्हणजे कागदोपत्री नेता येणारं वजन, 1 टन आणि हायलक्स, व्ही-क्रॉस दोन्ही त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. तुम्ही पिंपळगावला टोमॅटो नेता तोच हिशेब लावा, 20 किलोचं एक कॅरेट धरलं तर 1 टनात 50 कॅरेट जातात, महागाच्या गाडीत 25 च्या आतच कागदावर गाडी फुल. हौद्यात जागा उरते हो, वजन उरत नाही. आणि जागा दिसली की आपली माणसं भरतात, मग ओव्हरलोड पकडलं की दंड 20 हजारांपासून सुरू, वर जादा टनामागे 2 हजार.

मग एवढे पैसे जातात कशात? इंजिनात, केबिनमध्ये आणि फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्यात. हायलक्सचं 2.8 लिटरचं डिझेल 204 पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) देतं, व्ही-क्रॉसचं 1.9 लिटरचं 163, आणि कॅम्परचं 2.5 लिटरचं 75 च्या आसपास. पाच माणसं बसवून, एसी लावून मुंबईहून येताना कसारा घाट चढलात की हा फरक कुणी सांगायला लागत नाही. पण ओझर ते पिंपळगाव हायवेला त्या 204 पीएसचं करायचं काय, तुम्हीच सांगा.

आता आई-पप्पांचं, कारण शोरूमवाला हे काढणार नाही. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) तिन्ही गाड्यांना आहेत, महागातल्या सुद्धा. हौदा रिकामा असला की पिकअपची मागची बाजू उडते, आणि डबल कॅबमध्ये मागच्या सीटची पाठ जरा सरळच असते. हायलक्स यात कॅम्परपेक्षा खूपच बरी, वादच नाही, पण 30 लाखाच्या वर पैसे मोजून तुम्ही एसयूव्हीसारखं मऊ काही आणताय असं समजू नका. टेस्ट ड्राइव्हला जाताना आईला मागे बसवा, हौदा रिकामा ठेवा आणि हायवे सोडून एखाद्या मळ्याच्या रस्त्याला गाडी घाला. सेल्समन कुरकुर करेल, करू दे.

पार्किंग मोजलंय का? हायलक्स 5.3 मीटरच्या वर आहे, व्ही-क्रॉस त्याच्या तीनच सेंटीमीटर मागे. सोसायटीतली जागा साधारण 5 मीटरची असते, म्हणजे नाक बाहेर आणि रोज सेक्रेटरीशी भांडण. कॅम्पर 4.86 मीटर, कशीबशी बसते. रविवार कारंज्याकडे तर यातली कुठलीच नेऊ नका.

पैशाचं बोलू. 9 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी 10 लाखाचं कर्ज काढलं तर हप्ता 20,758 रुपये. कॅम्पर आणि हायलक्समध्ये ऑनरोड 20 लाखाचा फरक धरला तर महिन्याला साडेएकेचाळीस हजार जादाचे, आणि हे द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून वेळेवर आले तर. ऑनरोडमध्ये रोड टॅक्सही आला, प्रायव्हेट डिझेल गाडी 20 लाखाच्या वर गेली की महाराष्ट्रात तो 15 टक्के.

कॅम्परचीही कटकट आहेच, लपवत नाही. ती मालवाहू म्हणून पिवळ्या पाटीवर येते, पहिली 8 वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) आणि नंतर दरवर्षी, म्हणजे पेठ रोडच्या आरटीओला चकरा. हायलक्स किंवा व्ही-क्रॉस पांढऱ्या पाटीवर घेतली तर 15 वर्षं ती भानगड नाही, फक्त तिच्यात दुसऱ्याचा माल भाड्याने न्यायचा नाही, अपघात झाला तर क्लेम अडकतो. आणि गाडी कुठलीही घ्या, छाटणीला आलेले मजूर हौद्यात बसवू नका. आपल्याकडे सगळे करतात, पण गाडी पलटी झाली की इन्शुरन्सवाला हात वर करतो आणि त्या माणसाचं घर उघड्यावर येतं.

मी तुमच्या जागी असतो तर कॅम्पर घेऊन मळ्यात ठेवली असती आणि उरलेल्या पैशातून आई-पप्पांसाठी एक बरी फॅमिली कार फ्लॅटखाली. दोन्ही मिळूनही हायलक्सच्या खालीच बसतं. तुम्ही एकच गाडी म्हणताय, पण तो हट्ट महागात पडतोय. हां, टोमॅटो बंद करणार असाल, द्राक्ष व्यापारी बांधावरून उचलत असेल आणि मागे फक्त दोन-चार युरियाच्या गोण्या नि औषधं जाणार असतील तर गोष्ट वेगळी, मग व्ही-क्रॉस घ्या. हायलक्स तेव्हाही नाही, भावाला हवी असेल तर त्याने घ्यावी.

प्रश्न: 2018 ची व्ही-क्रॉस मिळतेय, काय बघू?
(एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: ती जुनी 2.5 लिटरची, बीएस4 म्हणजे आधीच्या प्रदूषण नियमांची. आधी आरसी बघा, नंतर खाली वाका. हौद्यातलं प्लास्टिक लायनर उचलायला लावा, गंज त्याच्याखाली असतो आणि विकणारा म्हणतो निघत नाही, तर निघतं. पाट्यांना तडे, चासीवर वेल्डिंग. मग कच्च्या रस्त्यावर फोर हाय आणि फोर लो (फोर बाय फोरचे वेगाचा आणि जास्त ओढीचा असे दोन गिअर) दोन्ही टाकून बघा, लो साठी गाडी थांबवून न्यूट्रल करावी लागते. वर्षानुवर्षं नॉब फिरवलाच नाही अशा गाड्या खूप असतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र फोर बाय फोर टाकून वळवू नका, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरायला वाव मिळत नाही आणि गिअरचं काम निघतं. काळ्या मातीच्या चिखलात चालवायची असेल तर टायरसाठी पैसे बाजूला ठेवा, हायवेच्या टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की चारही चाकं जागेवर फिरतात.

प्रश्न: पिवळ्या पाटीची पिकअप चालवायला वेगळं लायसन्स काढावं लागेल का?
(एक वाचक, दिंडोरी)

उत्तर: नाही. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलंय, एलएमव्ही म्हणजे हलक्या मोटारगाडीच्या लायसन्सवर 7,500 किलोच्या आतली मालवाहू गाडी चालते. आणि एकूण वजन 3 टनाच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. पासिंग आणि इन्शुरन्स मात्र चालू ठेवा.