इकडे किती, तिकडे किती

बाळा,

तुझी वही वाचली. अकरा प्रश्न आहेत, आणि पहिल्याच पानावर तू लिहिलंयस, 'मॅडम, बावळट वाटले तर सोडून द्या.' एकही बावळट नाही. भरलेल्या लेक्चर हॉलमध्ये हात वर करायला जीभ जड होते हे मला कळतं. पण तीस वर्षं फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं त्याचं शास्त्र, शिकवली आहे, त्या अनुभवावरून सांगते, तुझ्या बाकावरच्या निम्म्या मुलांना हेच प्रश्न पडलेले असतात. अकराही उत्तरं पत्रात मावणार नाहीत. काही घेते, बाकीचं भेटीत.

चौथा प्रश्न आधी घेते, कारण तो लिहिताना तू वैतागला होतास हे अक्षरावरून दिसतं. 'पोटॅशियम पेशीच्या आत लिटरला १४० मिलीमोल, बाहेर ४. पाठ आहे. आतबाहेरच्या तफावतीवरून पेशीच्या पडद्यावरचा विजेचा दाब काढायचं नर्न्स्टचं समीकरणही पाठ आहे. पण लॉग घेऊन उणे ९४ मिलिव्होल्ट काढल्यानं वॉर्डातल्या पेशंटला काय मिळतं?'

मी इंटर्न होते तेव्हाची गोष्ट. मेडिसिनचा वॉर्ड, रात्रीची ड्यूटी. तापाने अॅडमिट झालेल्या एका आजींचं रक्त मीच घेतलं होतं. शीर नाजूक, सुई बारीक आणि मला घाई. दट्ट्या जोरात ओढला आणि सुई न काढताच रक्त दाबून प्लेन बल्बमध्ये, म्हणजे तपासणीच्या साध्या नळीत, सोडलं. दोन तासांनी रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.९. माझ्या पोटात गोळाच आला. एवढ्या पोटॅशियमने हृदय बंद पडू शकतं हे मला ठाऊक होतं. पोटॅशियम उतरवायला मी इन्शुलिन आणि २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, भरायला घेतलं.

रजिस्ट्रारनी, म्हणजे वॉर्डातल्या सीनियर डॉक्टरांनी, माझा हात धरला. लघवी किती झाली आहे? ईसीजी काढलास? बल्ब पाहिलास का? लघवी भरपूर होती. पोटॅशियम वाढलं की ईसीजीतल्या टी-वेव्ह नावाच्या लाटा टोकदार होतात, तशा त्या नव्हत्या. अर्थात ईसीजी साधा दिसला म्हणून पोटॅशियम साधं, असं कधीही धरू नकोस, तो फसवतो. म्हणून मी लॅबमध्ये गेले आणि बल्ब उजेडात धरला. वरचं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी, वाळल्या गवताच्या रंगाचं असायला हवं. ते पातळ कोकम सरबतासारखं दिसत होतं. तांबड्या पेशी माझ्याच सुईत फुटल्या होत्या. दुसरं रक्त घेतलं, नीट, हळू. पोटॅशियम ४.१.

आता कागद घे. ५ मिलिलिटर रक्त. त्यात साधारण सव्वादोन मिलिलिटर पेशी, पावणेतीन प्लाझ्मा, म्हणजे पेशींबाहेरचं पाणी. तांबड्या पेशींच्या एका लिटरमध्ये सुमारे १०० मिलीमोल पोटॅशियम असतं. शंभरातली फक्त एक पेशी फुटली तरी बाहेरचं पोटॅशियम किती वाढेल? करून बघ, जवळपास ०.८ येईल. म्हणजे ४ चं ४.८. शंभरात साडेतीन फुटल्या की माझ्या आजींचा रिपोर्ट तयार. आतबाहेर एवढी तफावत नसती तर हे घडलंच नसतं. सोडियमचा आकडा बघ, असल्या सॅम्पलमध्येही तो जेमतेम हलतो, कारण पेशीत तो आधीच कमी असतो.

आणि मी ते इन्शुलिन दिलं असतं तर? इन्शुलिन पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालवतं आणि पोटॅशियम आत ढकलतं. आजींचं मुळात ठीक असलेलं पोटॅशियम खाली गेलं असतं, साखरही उतरू शकली असती. माझ्या हातून.

तुझा लॉगही वाया जात नाही. समज, पोटॅशियम खरोखरच ४ चं ८ झालं. नर्न्स्टमध्ये घाल, उणे ९४ चं उणे ७६ होतं. मधले १८ मिलिव्होल्ट म्हणजे हृदयाच्या पेशीची विश्रांती मोडली. तिचे सोडियम चॅनल, म्हणजे सोडियम आत सोडणारी दारं, पुन्हा उघडण्यासाठी आधी पेशीला पुरेसं उणे व्हावं लागतं. ते होत नाही, म्हणून बरेचसे चॅनल निकामी अवस्थेत अडकून पडतात. विजेचा आवेग मंदावतो, ईसीजीतला क्यूआरएस नावाचा उंच भाग रुंद होतो. ईसीजीच्या कागदावर पसरलेली ती रेघ म्हणजे तुझं समीकरणच आहे. हे एकदा कळलं की कॅल्शियम ग्लुकोनेट का देतात, पोटॅशियम मुळीच न उतरवता ते जीव कसा वाचवतं, हा पुढचा प्रश्न तुला आपोआप पडेल. तो पडू दे.

माझं म्हणणं एवढंच आहे की फिजिऑलॉजीत कुठलाही प्रश्न आला की पडदा कुठे आहे ते शोध आणि मग विचार, इकडे किती, तिकडे किती. पेशीचा पडदा असो, फुप्फुसातला असो, नाहीतर तुझी स्वतःची कातडी.

कातडीचा प्रश्न तर तूच विचारलायस. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत येताना ३३ डिग्रीला जीव नकोसा होतो आणि नागपूरला मामांकडे ४३ ला सावलीत बसवतं, असं का? घाम येऊन अंग थंड होत नाही, घाम सुकून होतं. एक लिटर घामाची वाफ झाली की शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. टपटप गळून रुमालात गेला तर जवळपास काहीच नाही. आता दोन्ही बाजू बघ. ३५ डिग्रीच्या ओल्या कातडीवर वाफेचा दाब साधारण ४२ मिलिमीटर पारा. मुंबईच्या ३३ डिग्रीच्या हवेत ७५ टक्के दमटपणा असेल तर तिचा दाब २८. फरक १४. नागपूरच्या ४३ डिग्रीत १५ टक्के दमटपणा धर, दाब १० च्या आसपास, फरक ३२. वाफेला जायला तिथे दुपटीहून मोठी वाट आहे. पण म्हणून नागपूरचं ऊन सोपं समजू नकोस. तिथे हवाच अंग तापवते, घाम दिसण्याआधीच सुकतो आणि माणसाला आपण किती पाणी गमावलं याचा पत्ताच लागत नाही.

आता रक्तगटाचं. प्रॅक्टिकलला स्लाइडवर अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डीचे, म्हणजे त्या त्या खुणेच्या पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या द्रवांचे, थेंब टाकले, बोट टोचलं, काडीने ढवळलं, ए आणि बीत गुठळ्या नाहीत म्हणून जर्नलमध्ये 'ओ' लिहिलंस. 'मग ब्लड बँक हेच दोनदा का करते?' असं विचारलंस. दोनदा नाही करत. तू फक्त पेशी पाहिल्यास, ते सिरमही पाहतात. याचं मोल मुंबईइतकं दुसऱ्या कुठल्या शहराला कळणार नाही. १९५२ साली परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक गट जगासमोर मांडला, ज्याला आजही सगळं जग बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतं. ए आणि बी या खुणा तांबड्या पेशीवर थेट बसत नाहीत, खाली एच नावाचा पाया लागतो. या माणसांत तो पायाच नसतो. वरच्या खुणा घडवणारं एंझाइम असूनही त्यांना टेकायला जागा नाही. तुझ्या स्लाइडवर हे रक्त हुबेहूब 'ओ' दिसेल. पण त्यांच्या सिरममध्ये एचविरुद्ध अँटिबॉडी असते, आणि एच सर्वांत जास्त असतो तो 'ओ'च्याच पेशींवर. ज्या 'ओ निगेटिव्ह'ला आपण सगळ्यांना चालणारं रक्त म्हणतो, ते यांच्या जिवावर उठतं. सिरममध्ये 'ओ'च्या पेशी घालून पाहिल्या की गुठळी होते आणि खोटं बाहेर पडतं. यापुढे जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिताना खाली एक ओळ लिही, 'फक्त पेशी तपासल्या.' परीक्षक चिडले तर माझं नाव सांग.

फोनवर सगळं मिळतं, मग आकडे पाठ का करायचे, असं विचारलंस. सगळे करू नकोस. पण सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, पीएच, धमनीतला ऑक्सिजन, मिनिटाला हृदय किती रक्त फेकतं, मूत्रपिंड किती गाळतं, एवढे तोंडपाठच हवेत. रात्री तीन वाजता रिपोर्ट हातात आल्यावर मनातला आकडा आधी खटकावा लागतो, तरच फोनवर काय शोधायचं ते कळतं. मूत्रपिंडं मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळतात म्हणजे दिवसाला १८० लिटर. आणि लघवी दीड लिटर. हे जेव्हा मी पहिल्यांदा स्वतः गुणून पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, इतकं नवल वाटलं होतं.

सातवा, शहाळ्याचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. तो तू सोडवून आण. परळला हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर शहाळेवाले असतात. एका शहाळ्यात पाव लिटर पाणी, त्यात सुमारे १५ मिलीमोल पोटॅशियम धर. पेशींबाहेरचं पाणी १४ लिटर. सगळं बाहेरच राहिलं तर ४ चं किती होईल ते काढ. मग सांग, तू शहाळं पिऊन लोकल पकडतोस तेव्हा तसं का होत नाही, पहिल्या तासात कोण सांभाळतं आणि संध्याकाळपर्यंत कोण.

आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या पेशंटची मुलगी, 'डॉक्टर, दुसरं काही नको म्हणतात, शहाळं तरी देऊ का?' असं विचारत तुझ्यासमोर उभी आहे असं समज. तिला काय सांगशील ते मराठीत, दोन वाक्यांत लिही. 'हायपरकॅलेमिया' (रक्तातलं पोटॅशियम वाढणं) हा शब्द न वापरता. गुरुवारी चारनंतर मी घरीच आहे, वही घेऊन ये.

तुझी,
मॅडम