जळजळ नाही, तरी गोळ्या कशाला?

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) ई. कोलाय नावाचे जंतू, मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर, असं आलं. जळजळ नाही, ताप नाही. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटोइन हे अँटिबायोटिक १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस दिलंय. सासूबाई म्हणतात, उष्णता असेल, धन्याचं पाणी नि सब्जा घे. गोळ्या खरंच लागतात का?

उत्तर : लागतात, आणि सातही दिवस. एरवी त्रास नसेल तर रिपोर्टातल्या जंतूंसाठी सहसा औषध देत नाहीत. गरोदरपणात मात्र देतात. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या नळ्या सैल पडतात, वर वाढत्या गर्भाशयाचा दाब, तोही उजवीकडे जास्त. लघवी तुंबते आणि जंतूंना वर चढायला वाट मिळते. मूत्रपिंडाला संसर्ग झाला की थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या. मग दवाखान्यात दाखल होऊन शिरेतून औषधं, शिवाय दिवस भरण्याआधी कळा येण्याची भीती. यातलं काही जाणवलं तर रात्र काढू नका.

धन्याचं पाणी खुशाल प्या, पण त्याने ई. कोलाय जात नाही. उन्हाळी लागली की आपण जे अल्कलायझर सिरप आणतो, ते या गोळ्यांसोबत मनाने घेऊ नका. नायट्रोफ्युरँटोइनला आम्ल लघवी मानवते आणि सिरप नेमकी तीच आम्लता घालवतं. गोळी जेवणासोबत घ्या, नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर ते बहुधा औषधामुळे. तुम्हाला जी६पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल तर आधी सांगा. बाळाच्या तांबड्या पेशींना धोका नको म्हणून दिवस भरत आल्यावर हे औषध टाळतात. घरात उरलेल्या नॉरफ्लॉक्सासिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला हात लावू नका. कोर्स संपल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करा.

प्रश्न : माझ्या कल्चरमध्ये ‘मिक्स्ड ग्रोथ’ (एकाहून जास्त प्रकारचे जंतू) आलं. पुन्हा नमुना मागितलाय. लॅबची चूक का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. त्वचेवरचे, योनीमार्गातले जंतू नमुन्यात उतरतात; गरोदरपणात अंगावरून पांढरंही जास्त जातं. हात धुवा. जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन कोरडी करा. डेटॉल नको, त्याचा थेंब नमुन्यात गेला तर जंतू मरतात आणि रिपोर्ट खोटाच निर्मळ येतो. एका हाताने योनीचे ओठ बाजूला धरा, पहिली धार सोडून द्या, मधली १५-२० मिलिलिटर डबीत घ्या. डबी लॅबचीच, निर्जंतुक. घरातली उकळलेली बाटली चालत नाही. झाकण आतून शिवू नका. तासाभरात पोहोचवा. उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. आणि अँटिबायोटिक सुरू करायचं असेल तर आधी नमुना, मग गोळी.