आधी ब्रेक, मग इंजिन : जुन्या मसल कारविषयी वाचकांचे प्रश्न

डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची जी मोठी फेरी निघते, ती वुडवर्ड ड्रीम क्रूझ १९९५ मध्ये सुरू झाली. मागील अंकात मी तिच्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेली पत्रे वाचून लक्षात आले की, रस्त्याकडेला खुर्ची टाकून गाड्या पाहण्यावर आपल्या अनेक वाचकांचे समाधान होत नाही. त्यांना स्वतःची मसल कार, म्हणजे मोठे इंजिन बसवलेली वेगवान अमेरिकन गाडी, हवी आहे आणि काहींनी ती घेतलीही आहे. या हौसेचे मला मनापासून कौतुक वाटते. झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा रस्त्यावर फिरणारी गाडी अधिक काळ धडधाकट राहते, हे माझ्या १९६६ च्या पॉन्टियाक जीटीओने मला वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे.

प्रश्न : मला १९६५ ची जीटीओ विकत मिळते आहे. गाडी अस्सल असल्याचे मालक सांगतो. हे कसे पडताळावे, आणि पहिलीच जुनी गाडी म्हणून ती घ्यावी का?
— एक वाचक, नोव्हाय, मिशिगन

उत्तर : आपल्या प्रश्नाचे मूळ या गाडीच्या जन्मकथेतच आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा त्या काळी नियम होता. जॉन डिलोरियन यांच्या हाताखालच्या, जनरल मोटर्सच्याच पॉन्टियाक विभागाच्या अभियंत्यांनी मोठ्या गाडीतील ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीच्या हलक्या सांगाड्यात बसवले आणि नियमाला बगल देण्यासाठी ती स्वतंत्र गाडी न म्हणता, टेम्पेस्टच्याच ला मान्स या प्रकारावर जादा पैसे मोजून घ्यायचा एक संच म्हणून १९६४ साली विक्रीला काढली. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. तेव्हा कंपनीच्या पथ्यावर पडलेली ही युक्ती आजच्या खरेदीदाराला मात्र जड जाते. १९६६ पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि तिचा चासी क्रमांक २४२ या आकड्यांनी सुरू होऊ लागला. त्याआधीच्या दोन वर्षांतील गाडी कारखान्यातून जीटीओ म्हणून बाहेर पडली की साधी ला मान्स म्हणून, हे चासी क्रमांकावरून कळत नाही. बोधचिन्हे, पुढची जाळी आणि बॉनेट बाजारात सुटे मिळतात. म्हणून कागद मागावा. कारखान्याच्या मूळ बिलांच्या नोंदी पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस या संस्थेकडे आहेत आणि चासी क्रमांक कळवून शुल्क भरल्यास त्यांची प्रत मिळते. मालकाकडे ती नसेल तर आपण मागवावी, आणि ती हाती येईपर्यंत ला मान्सच्या किमतीपेक्षा एक डॉलरही अधिक देऊ करू नये.

कागदाइतकाच महत्त्वाचा पत्रा. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि या गाड्यांच्या तरुणपणी गंजरोधक उपाय अगदीच तोकडे होते. एक छोटे चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून बरोबर न्यावे आणि मागच्या चाकांभोवतीच्या पत्र्यावर, विशेषतः चाकामागच्या खालच्या भागावर, हळूहळू फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टीचा थर आहे असे समजावे. मग डिकी उघडून आतील चटई पूर्ण उचलावी. या गाड्यांत मागच्या काचेच्या खालच्या कडेतून पाणी झिरपते आणि ते थेट डिकीच्या तळाशी साचते. चटई उचलताच कुबट, ओल्या लोखंडाचा वास आला तर डोळ्यांना काही दिसो वा न दिसो, वासावर विश्वास ठेवावा. शेवटी गाडी उचलून मागच्या आसावरून वळण घेत जाणारा चासीचा भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. घट्ट लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द.

इंजिन पुन्हा बांधता येते आणि त्यासाठी कारागीर मिळतात. कुजलेली चासी आणि पत्रा दुरुस्त करण्यात मात्र गाडीच्या किमतीएवढे पैसे सहज जातात. पहिली गाडी म्हणून माझे मत विचाराल तर, खोट्या बोधचिन्हांच्या जीटीओपेक्षा स्वतःला ला मान्स म्हणवणारी, निरोगी पत्र्याची ला मान्स घ्यावी. तिला चालवताना मिळणारा आनंद रतिभरही कमी नसतो.

प्रश्न : माझ्याकडे १९६६ ची शेव्हरोले शेवेल आहे. या वर्षी इंजिनाची ताकद वाढवायचे ठरवले आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ते बदलणे आताच आवश्यक आहे का, की पुढच्या वर्षी चालेल?
— एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : आपण क्रम उलटा करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आधी ब्रेक, मग इंजिन.

आपल्या गाडीत मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, एकच आणि त्यातील कप्पाही एकच आहे. म्हणजे चारही चाकांचे ब्रेक ऑइल एकाच ठिकाणाहून जाते, आणि चार चाकांपैकी कुठेही गळती झाली तर चारही ब्रेक जातात. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे कप्पे असलेला मास्टर सिलेंडर जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९६७ पासून आला आणि १ जानेवारी १९६८ पासून कायद्याने सक्तीचा झाला. माझी गाडीही १९६६ चीच असल्याने ही उणीव मी अनुभवली आहे. ती घेतल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका सिग्नलजवळ जाताना मी ब्रेक दाबला आणि पायाखाली काहीच लागले नाही. पेडल सरळ तळाशी जाऊन बसले. पुढच्या चाकाची रबरी नळी फुटली होती. बाहेरून ती काळीभोर आणि ठीक दिसत होती, आतून मात्र तिचा भुगा झाला होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढून, डाव्या पायाने पार्किंग ब्रेक हळूहळू दाबत मी ती एका दुकानाच्या मोकळ्या आवारात वळवली. समोर गाडी नव्हती म्हणून निभावले. इंजिनासाठी आणलेले सारे सामान त्यानंतर दोन महिने माझ्या गॅरेजात तसेच पडून होते.

तेव्हा पहिल्याच शनिवारी तिन्ही रबरी नळ्या बदलाव्यात: पुढच्या चाकांच्या दोन आणि मागच्या आसावरची एक. मग प्रत्येक ड्रम काढून व्हील सिलेंडरची, म्हणजे चाकातील ब्रेक ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याची, रबरी टोपी नखाने किंचित उचलावी. आत ओल दिसली तर तो सिलेंडर बदलावा. ‘थोडेसेच आहे’ असे म्हणून टोपी परत बसवू नये. चासीला लागून गेलेल्या पोलादी नळ्या फडक्याने पुसून, बोटे फिरवून तपासाव्यात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे गाडी चालो वा न चालो, ते दर दोन वर्षांनी बदलावे. यानंतर दोन कप्प्यांचा मास्टर सिलेंडर बसवावा. एवढे झाले तरी गाडीची अर्धी भीती जाते.

ड्रमची दुसरी अडचण उष्णतेची आहे. वेगात असलेली सुमारे १,६०० किलोची गाडी एकदा थांबवली तर ड्रम ती उष्णता सोसतो. लागोपाठ तीन-चार वेळा थांबवली की ड्रम तापून प्रसरण पावतो, त्याला आतून घासून थांबवणाऱ्या लायनिंगपासून दूर सरकतो, लायनिंगची पकडही घटते, आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. पाऊस लागला की एका चाकाचा ब्रेक दुसऱ्याच्या आधी धरतो आणि गाडी एका बाजूला ओढते. म्हणून पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवावेत, असे मी ठामपणे सांगतो. ते बसवताना एक चूक वारंवार होते. ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलेंडरमध्ये नळीत थोडा दाब राखून ठेवणारी एक झडप असते. ती डिस्कच्या वाटेवर तशीच राहिली तर पॅड सतत घासत राहतात आणि चाक तापते. डिस्कला योग्य असा मास्टर सिलेंडर आणि पुढच्या-मागच्या चाकांतील दाब वाटून देणारी झडप, दोन्ही एकाच संचात घ्यावीत.

आणि मग शिकायचे ते चालवणे. आपल्या रोजच्या गाडीत आपण ज्या अंतरावर ब्रेक दाबतो, त्याच्या दुप्पट अंतरावर या गाडीत दाबावा. पुढे मोकळी जागा ठेवली की दुसरी गाडी येऊन ती भरून टाकते. तिला येऊ द्यावे आणि आपण पुन्हा मागे सरावे. स्टिअरिंगला पॉवर नसेल तर चाक गाडी जागेवर उभी असताना फिरवू नये, किंचित सरकू द्यावी आणि मग वळवावी. पहिले काही रविवार सकाळी लवकर, ओळखीच्या रस्त्यावर, एकट्याने काढावेत. गाडी आपल्याशी केव्हा काय बोलते, हे त्या शांततेतच ऐकू येते.

प्रश्न : १९७१ च्या जीटीओचे ४५५ घन इंचांचे एचओ (हाय आउटपुट) इंजिन ३३५ अश्वशक्तीचे आणि १९७२ चे ३०० चे, असे वाचले. एका वर्षात इंजिन इतके दुबळे कसे झाले?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : इंजिन फारसे बदलले नाही, मोजण्याची पद्धत बदलली. पूर्वी पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर असे काहीही न जोडता चाचणीच्या टेबलावर इंजिन फिरवून आकडा जाहीर करत. १९७२ पासून गाडीत असते त्या सर्व जोडणीसह मोजलेला आकडा देऊ लागले. खरा उतार १९७१ मध्येच सुरू झाला होता. शिसे कमी असलेल्या पेट्रोलवर चालावे म्हणून जनरल मोटर्सने त्या वर्षी इंजिनांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतील मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, घटवले होते. पुढे विम्याचे वाढते हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३ ची तेलटंचाई यांनी उरलेले काम केले.

प्रश्न : ‘ऐतिहासिक’ नंबर प्लेट घेतली तर गाडी रोज कचेरीत नेता येईल का?
— एक वाचक, ट्रॉय, मिशिगन

उत्तर : नाही. मिशिगनमध्ये २६ किंवा त्याहून अधिक वर्षे जुन्या गाडीला ती मिळते, पण गाडी प्रदर्शने, मिरवणुका, क्लबच्या सहली अशा कारणांपुरतीच बाहेर काढता येते. अपवाद ऑगस्ट महिन्याचा. त्या महिन्यात कुठेही न्यावी. रोज चालवायची असेल तर साधी प्लेट घ्यावी आणि विमा घेताना गाडीची किंमत आधीच ठरवून लिहून घ्यावी. नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला नुसती जुनी गाडी समजते.

प्रश्न : हिवाळ्यानंतर दर वर्षी माझी गाडी सुरू होताना फार त्रास देते. पेट्रोलचा दोष असेल का?
— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : बहुधा तोच. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. ते ओलावा धरते, जुन्या रबरी नळ्या मऊ करते आणि महिनोन् महिने कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिले तर तिथे चिकट पुटे चढतात. ऑक्टोबरमध्ये टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने काठोकाठ भरावी, पेट्रोल टिकवणारे द्रव्य त्यात घालावे आणि ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल इतका वेळ, म्हणजे पंधरा-वीस मिनिटे, गाडी चालवूनच ती आत ठेवावी. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात. ऑइलही त्याच वेळी बदलावे, आणि ते जस्ताचे प्रमाण अधिक असलेले, जुन्या इंजिनांसाठीचे असावे. या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, सपाट टॅपेटवर घासत फिरतो आणि जस्त ती झीज रोखते. आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये जस्त कमी केलेले असल्याने त्याने नवा कॅमशाफ्ट पहिल्या अर्ध्या तासातही खराब होऊ शकतो.

प्रश्न : माझा मुलगा डिअरबॉर्नला नोकरी करतो. त्याने १९७० ची प्लिमथ रोड रनर घेतली. व्हिडिओत तिचा कार्टूनसारखा हॉर्न ऐकून सगळे हसले, पण मला झोप लागत नाही. एवढी जुनी आणि एवढी वेगवान गाडी सुरक्षित असते का?
— एक आई, पुणे

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपल्याला खोटा दिलासा द्यायचा नाही, म्हणून स्पष्ट लिहितो: आजच्या साध्यातल्या साध्या नव्या गाडीइतकी ती सुरक्षित नाही. तिच्यात एअरबॅग नाहीत, चाके अडकू न देणारी ब्रेक यंत्रणा नाही आणि धडक शोषून घेणारी आजच्यासारखी रचनाही नाही. मात्र तिच्या वर्षाचा तिला फायदा आहे. दोन कप्प्यांचा मास्टर सिलेंडर, पुढच्या सीटवर खांद्याचा पट्टा, मानेमागचा आधार आणि धडकेत आत दबणारा स्टिअरिंगचा दांडा हे सर्व १९७० पर्यंत सक्तीचे झाले होते.

आपण मुलाला एक गोष्ट जरूर विचारावी. त्या गाडीत खांद्याचा पट्टा कमरेच्या पट्ट्यापासून वेगळा असतो आणि दरवाजाच्या वर छताच्या कडेला चिमट्यांत अडकवून ठेवलेला असतो. बहुतेक मालक तो तिथून कधी काढतच नाहीत. त्याने तो दर वेळी लावावा, किंवा आजच्यासारखा तीन टोकांचा पट्टा चांगल्या कारागिराकडून मूळ बोल्टच्या जागी बसवून घ्यावा. मागच्या सीटवर फक्त कमरेचे पट्टे असल्याने लहान मुलांना त्या गाडीत नेऊ नये. रात्री आणि पावसात ती बाहेर काढू नये, आणि पुढे डिस्क ब्रेक नसतील तर तेवढे या वर्षीच करून घ्यावेत.

त्या हॉर्नचे मूळ असलेल्या रोड रनर या कार्टून पात्राचे नाव आणि रूप वापरण्यासाठी प्लिमथने वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर दिले होते. कमी पैशांत वेगवान गाडी हवी असणाऱ्या तरुणांसाठी ती १९६८ मध्ये काढली, आणि आपल्या मुलासारख्यांना ती आजही तितकीच आवडते. आपण उन्हाळ्यात इकडे येणार असल्याचे लिहिले आहे. आल्यावर त्याला गाडी जॅकवर घेऊन एक चाक काढून दाखवायला सांगावे. ब्रेकचा प्रत्येक भाग काय करतो, हे त्याला न अडखळता सांगता आले, तर त्याच्या शेजारी बसून फेरी मारायला मी आपल्या जागी असतो तर गेलो असतो.