बायोप्रिंटिंगचा डिप्लोमा की एम.फार्म.?

स.न.वि.वि.

आपली कन्या बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, अल्जिनेटच्या (समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या, जेल बनवणाऱ्या पदार्थाच्या) मण्यांमध्ये औषध भरण्याचा प्रोजेक्ट तिने केला आहे आणि आता तिला एका खासगी संस्थेचा एक वर्षाचा बायोप्रिंटिंगचा, म्हणजे जिवंत पेशींपासून ऊती छापण्याच्या तंत्राचा, डिप्लोमा करायचा आहे. आपला कल मात्र हमखास नोकरीसाठी एम.फार्म.कडे आहे. घर शाकाहारी असल्याने या क्षेत्रात प्राणिजन्य पदार्थ हाताळावे लागतील का, असेही आपण विचारले आहे.

माझे मतही एम.फार्म.च्याच बाजूने आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. तिने सोडियम अल्जिनेटचे द्रावण सिरिंजमधून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबाथेंबाने सोडले असेल आणि कॅल्शियमच्या आयनांनी अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींशी बांधताच प्रत्येक थेंबाचा मणी झालेला पाहिला असेल. बायोप्रिंटरमध्येही पुष्कळदा हेच घडते. थेंबांऐवजी सलग धागा येतो, औषधाच्या जागी जिवंत पेशी असतात आणि सुई संगणक हलवतो. यंत्र चालवणे शिकता येते, पण घोडे पेंड खाते ते पदार्थापाशी. द्रावण दाट ठेवले तर आकार टिकतो, पण सुईतून जाताना पडणाऱ्या ताणाने पेशी मरतात. पातळ ठेवले तर पेशी जगतात, पण रचना ढासळते. त्यातच अल्जिनेटला पेशी नीट चिकटत नाहीत म्हणून जिलेटिन मिसळतात. ते शरीराच्या तापमानाला पातळ होते म्हणून त्याला रासायनिक जोड देऊन प्रकाशाने पक्के करावे लागते. शिवाय तपकिरी समुद्रशैवालाची जात आणि काढणीचा हंगाम बदलला की अल्जिनेटचा गुणही बदलतो. ही जाण यंत्राच्या डिप्लोमातून येत नाही, ती पॉलिमरच्या, म्हणजे अल्जिनेट-जिलेटिनसारख्या लांब साखळ्यांच्या रेणूंच्या, अभ्यासातून येते.

अवयव छापून बसवण्याच्या बातम्यांवर मात्र तिने भविष्य बेतू नये. 2022 मध्ये अमेरिकेत रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशींपासून छापलेला बाह्यकर्ण बसवण्यात आला आणि त्याच वर्षी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आयआयटी हैदराबाद व सीसीएमबी (तिथलीच पेशी व रेणवीय जीवशास्त्र संशोधन संस्था) यांच्यासह छापलेला कॉर्निया (डोळ्याचा पारदर्शक पडदा) सशाच्या डोळ्यात बसवला. दोन्ही ऊती जवळजवळ रक्तवाहिन्यांविना जगणाऱ्या आहेत, हे ध्यानात घ्यावे. इतर बहुतेक ऊतींमध्ये पेशीपासून सुमारे 0.2 मिलिमीटरच्या आत केशवाहिनी (सर्वांत बारीक रक्तवाहिनी) लागते आणि जाड अवयवाचे घोडे तिथेच अडले आहे. औषधांच्या चाचणीसाठी छापलेल्या ऊती ही त्यामानाने जवळची वाट आहे. भारतातही 2023 च्या नियमदुरुस्तीने प्राण्यांवरील चाचण्यांना मानवी पेशींवर आधारित पर्याय वापरण्याची मुभा दिली.

म्हणून तिने जीपॅट ही एम.फार्म.ची प्रवेशपरीक्षा देऊन फार्मास्युटिक्समध्ये (औषधाला गोळी, जेल अशी रूपे देण्याच्या शाखेत) एम.फार्म. करावे, पण महाविद्यालय नावावरून न निवडता हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारे जेल) किंवा कायटोसान (कवचांपासून मिळणारे पॉलिमर) यांवर खरोखर काम करणारा मार्गदर्शक पाहून निवडावे. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) येथील संशोधकांचे शोधनिबंध तिने आतापासून वाचावेत. औषध नियंत्रितपणे सोडणाऱ्या गोळ्या, जेल, जखमेवरील पट्ट्या यांच्या विकासात आज पगाराच्या नोकऱ्या आहेत. रक्तस्राव थांबवणारी कायटोसानची ॲक्झिओस्टॅट पट्टी आपल्याच देशातली आहे. ऊतिनिर्मितीकडे वळायचे तर पुढे पीएच.डी. अटळ आहे आणि ती वर्षे आपल्याला आर्थिकदृष्ट्या झेपतील का, हे घरात आधीच बोलून घ्यावे. डिप्लोमाची फी तूर्त वाचवावी. हात बसवण्यासाठी उन्हाळ्यातील इंटर्नशिप पुरे.

राहिला शाकाहाराचा प्रश्न. जिलेटिन व कोलॅजेन जनावरांच्या कातडी-हाडांपासून येतात, कायटोसान बहुतांशी कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून, तर पेशी वाढवताना सहसा गाईच्या गर्भाचे सीरम वापरतात. त्यामुळे ऊतिनिर्मितीत हे टाळणे कठीण आहे. मात्र औषधवहनात, म्हणजे औषध शरीरात हवे तसे पोहोचवण्याच्या शाखेत, अल्जिनेट, पेक्टिन, सेल्युलोज या शैवाल-वनस्पतिजन्य पदार्थांवर संपूर्ण संशोधन उभे राहू शकते. तथापि बी.फार्म.च्या प्रयोगशाळेत तिने कॅप्सूल भरल्याच असतील आणि त्यांची कवचे बहुधा जिलेटिनचीच होती. तिची स्वतःची हरकत आहे की केवळ घरची, हे तिलाच विचारावे आणि विषय ठरण्यापूर्वी मार्गदर्शकांना स्पष्ट सांगावे.